सुधारून वाढवलेली साक्ष

आमच्या मंडळीत आता मला कोणी साक्ष द्यायला उभं करत नाही. वर्षाच्या शेवटी उपकारस्तुतीची उपासना असते, तेव्हा पाळकसाहेब बाकांवरून नजर फिरवतात. ती माझ्यापर्यंत येते, जरा अडखळते आणि शेजारच्या बाकावर जाते. आधी असं नव्हतं. मधली दीड-दोन वर्षं अशी होती, की कल्याणपासून ठाण्यापर्यंत जिथे चार मराठी ख्रिस्ती कुटुंबं जमतील तिथे ‘साळवे सिस्टरना बोलवा’ असं चाललं होतं. शाल मिळायची, नारळ मिळायचा. घरी सात शाली झाल्या होत्या आणि आमच्याकडे थंडी पडते ती जेमतेम चार दिवस.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला तो कोरोनाच्या काळातलं नर्सचं शौर्य लिहून द्या म्हणून. मी म्हटलं, “बाई, शौर्याचं दुसऱ्या कुणाकडून घ्या. माझ्याकडे आहे ते लाजेचं आहे.” त्या म्हणाल्या, “चालेल. पण पंधरा तारखेच्या आत द्या.” तेव्हा हे वाचून कुणाच्या दिवाळीच्या फराळाची चव गेली, तर दोष निम्मा त्यांचा.

साक्ष म्हणजे काय, हे आमच्याबाहेरच्या वाचकांना आधी सांगायला हवं. ही कोर्टातली साक्ष नव्हे. आमच्या मंडळ्यांमध्ये रीत आहे, की संकटातून निभावलेला माणूस सर्वांसमोर उभा राहतो आणि त्या दिवसांत देवाने आपल्याला कसं धरून ठेवलं ते सांगतो. कुणाचं ऑपरेशन पार पडलेलं असतं, कुणाच्या मुलाची दारू सुटलेली असते. लोक मधूनमधून ‘आमेन’ म्हणतात. ऐकणाऱ्याला धीर येतो, आणि तो यावा म्हणूनच ही रीत आहे. कोर्टात निदान शपथ घ्यायला लावतात, समोर उलटतपासणी घेणारा वकील असतो. आमच्याकडे दोन्ही नाही.

मी नर्स. नगर जिल्ह्यातल्या एका मिशन कंपाउंडमध्ये वाढले, तिथल्याच मिशनच्या दवाखान्यात शिकले, आणि मग पुढची चौतीस वर्षं ठाण्याच्या बाजूला सरकारी नोकरी केली. राहायला विठ्ठलवाडीला. नर्सचं काम लोकांना वाटतं सुया टोचायचं. सुई हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम म्हणजे पडलेल्या माणसाचा स्वभाव सांभाळणं. शहाडचा एक शिंपी होता, उजव्या हाताला सलाईन लावू देईना. “हात गेला तर खायचं काय?” डाव्या हाताची शीर सापडेना. शेवटी पायाला लावायला गेले तर पाय आखडून घेऊन म्हणतो, “सिस्टर, मशीन पायाने चालवतो मी!” मी म्हटलं, “मग नाकाला लावू का?” तेव्हा हसला, आणि हसताना उजवा हात पुढे केला.

कल्याणच्या एका चाळीतले कांबळे आजोबा होते. बौद्ध, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. शेवटच्या दिवसांत नजर पार गेली होती. रोज संध्याकाळी वंदना म्हणायचा नेम, पण नातू परगावी गेलेला, आणि त्यांना एकट्याने म्हणताना मधल्या ओळी आठवेनात. मी छोटं पुस्तक हातात घेऊन वाचून दाखवायला लागले. माझा पाली उच्चार चुकला की डोळे मिटूनच दुरुस्त करायचे. तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, “सिस्टर, तुमचा येशू रागावणार नाही ना?” मी म्हटलं, “उच्चारांवरून रागावलेच कोणी, तर तुमच्याकडचे रागावतील, आजोबा.” पुढे आठवड्याने गेले. शेवटची नाडी माझ्याच बोटांखाली होती.

हे सगळं मला शिकवलं आमच्या मोठ्या सिस्टरनी. मिशनच्या दवाखान्यातल्या मेट्रनला आम्ही मोठ्या सिस्टर म्हणायचो. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवाज असा की वॉर्डच्या त्या टोकाचा ताप उतरावा. माणूस गेल्यावर त्याचं अंग पुसून, हनुवटी बांधून, नावाची चिठ्ठी लावून द्यायची, हे नर्सचंच काम असतं. त्यांचा नियम होता, की हे सगळं त्या माणसाला सांगून करायचं. “सखाराममामा, आता उजवा हात उचलते हं. आता कुशीवर वळवते.” आम्ही अठरा वर्षांच्या पोरी, पहिल्यांदा फिदीफिदी हसलो. त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. म्हणाल्या, “हसा. पण ह्यांना आपण पुन्हा भेटणार आहोत. तेव्हा तोंड लपवायची वेळ येऊ देऊ नका.”

मेलेला माणूस संपत नाही, असं आमचा धर्म सांगतो. तसे सगळेच धर्म या ना त्या शब्दांत तेच सांगतात. मोठ्या सिस्टरनी मात्र त्याची ड्युटी लावून दिली. चौतीस वर्षं मी ती केली. वॉर्डबॉय म्हणायचे, साळवे सिस्टरचा स्क्रू ढिला आहे, मढ्यांशी गप्पा मारते. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. मरणाला मी ओळखते, माझं घर पलीकडे आहे, इथे आपण चार दिवसांचे पाहुणे, असं मी प्रार्थनेत म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

मग कोरोना आला. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. दुसऱ्या लाटेत माणसं कमी पडली तेव्हा जुन्या नर्सना पुन्हा बोलावलं. मानपाड्याच्या बाजूला एका मोठ्या हॉलमध्ये तात्पुरतं केंद्र उघडलं होतं, तिथे माझी नेमणूक झाली. आमचे हे म्हणाले, “अगं, तुझं वय काय, तुझी शुगर काय!” हे प्रेसमध्ये मुद्रितशोधक होते, चूक दिसली की खूण करायची हा यांचा धर्म. मी म्हटलं, “देव आहे.” किती सहज म्हटलं होतं मी ते.

त्या हॉलमध्ये हिराबाई होती. डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठच्या कोळ्यांपैकी. साठीची, अंगाने भरलेली, कपाळावर गोंदण. आयुष्यभर बाजारात मासळी विकलेली, त्यामुळे आवाज दणदणीत. पण आता ऑक्सिजनच्या मास्कमधून तो शिट्टीसारखा यायचा. आम्ही सगळ्या डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमध्ये, चेहरा दिसायचा नाही. ती मला चालीवरून ओळखायची. “ती बदकासारखी चालते ती आमची सिस्टर.” किट घातलं की सहा तास पाणी नाही, लघवी नाही, आत घामाच्या धारा. सहा तासांनी बाहेरच्या खोलीत जाऊन ते एका ठरावीक क्रमाने उतरवायचं. उतरवलं की पुन्हा आत जायला नवीन किट घालावं लागतं.

एका दुपारी माझी पाळी संपली. दोनची सिस्टर आली, मी तिला सगळे पेशंट समजावून दिले आणि दाराकडे निघाले. हिराबाईचा ऑक्सिजन सकाळपासून खाली खाली येत होता. त्या आकड्यांचा अर्थ मला कळत होता. तिलाही कळला असावा. तिने माझा हातमोजा पकडला.

“बस गो बाय माज्यापाशी. मना भ्या वाटतंय.”

मी म्हटलं, “आलेच हं.”

आणि बाहेर गेले. किट उतरवलं, हात धुतले, तोंड धुतलं. मागच्या जिन्याच्या पायरीवर बसले. चहा आला, ग्लुकोजची बिस्किटं आली. बाजूच्या खोक्यात नवी किटं होती, मी ती बसल्या जागेवरून बघत होते. पाच मिनिटांचं काम होतं. डॉक्टर अडवणार नव्हते, उलट आभार मानले असते. मी दुसरा चहा घेतला.

इथे मला दमले होते, असं लिहिता येईल. दमले होतेच. पण ते कारण नव्हतं. मला भीती वाटत होती. त्या आठवड्यात आमच्यातली एक सिस्टर गेली होती, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पायरीवर बसल्या बसल्या मला स्वच्छ कळलं की मला मरायचं नाही. साठ वर्षं ज्या घराची गाणी म्हटली त्या घरी मला जायचं नव्हतं. निदान आज नको, उद्या नको, या वर्षी नको. पलीकडे कोणी आहे की नाही याचीही त्या क्षणी मला खात्री नव्हती. मला फक्त तो चहा हवा होता आणि संध्याकाळी घरी जाऊन अंघोळ करायची होती.

पाऊण तासाने आतून वॉर्डबॉय आला. “बारा नंबर गेली.” बारा नंबर म्हणजे हिराबाई. “जवळ कोण होतं?” मी विचारलं. “कोन असनार? सिस्टर तिकडे तिघांना बघत होत्या.” मी घरी गेले. तिचं अंग पुसलं नाही, तिला काही सांगितलं नाही. तिला पिशवीत घालून चेन ओढली तेव्हाही मी तिथे नव्हते.

घरी कुणाला बोलले नाही. तोवरचं पाप माणसासारखं होतं, असं मला आज वाटतं. देवाने आणि हिराबाईने समजून घेतलं असतं. पुढचं जे केलं ते मात्र मी शुद्धीत, साडी नेसून, केस विंचरून केलं.

मंडळी पुन्हा भरायला लागली त्या डिसेंबरात पाळकसाहेब म्हणाले, “सिस्टर, तुम्ही साक्ष द्या. लोक खचलेत. आपली कितीतरी माणसं गेली.” मी उभी राहिले. देवाशपथ सांगते, खरं सांगायलाच उभी राहिले होते. “एक हिराबाई होती,” इथून सुरुवात केली. “ती म्हणाली, बस गं माझ्यापाशी.” समोर बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. पहिल्याच बाकावर नवरा गमावलेली एक जण दोन मुलं घेऊन बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की पुढचं वाक्य मला म्हणवेना. साक्षीला शेवट चांगला लागतो. माझी जीभ वळली. “आणि मी बसले,” मी म्हटलं. “तिचा हात हातात घेतला. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या घराचं आपलं जुनं गीत म्हटलं. आणि ती शांतपणे प्रभूकडे गेली.”

“आमेन!” अख्खी मंडळी म्हणाली. ती विधवा बाई हुंदके देत होती आणि हसतही होती. नंतर येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, “आता मला वाटतं, त्यांच्याजवळही कोणी तरी बसलं असेल.”

तिच्यासाठी म्हणून खोटं बोलले, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण मग उल्हासनगरच्या मंडळीत कुणासाठी बोलले? ठाण्यात कुणासाठी? खोट्याला पाय नसतात म्हणतात. माझ्या खोट्याला रिक्षा होती, न्यायला-आणायला माणसं होती. आणि ते वाढत होतं. आधी गीताची दोन कडवी होती, ती चार झाली. हिराबाई आधी शांत गेली होती, मग हसून गेली, मग तिने खिडकीकडे बोट दाखवलं. त्या हॉलला खिडकी नव्हती. एका रविवारी आम्ही रिक्षाने परत येत होतो. हे म्हणाले, “आजची सुधारून वाढवलेली आवृत्ती होती का?” मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. यांनी खूण केली होती, नेहमीसारखी अगदी बरोबर जागी.

आमची मंडळी रविवारी उपासनेवरून निघाली की अर्ध्या बायका सरळ मासळीबाजारात जातात. तिथेच हे उघडं पडायचं होतं, हे मला कळायला हवं होतं. डोंबिवलीच्या आमच्या एक बाई बोंबील घेताना कोळणीला म्हणाल्या, “तुझी आई त्या मानपाड्याच्या केंद्रात गेली ना गं? आमच्या साळवे सिस्टर होत्या तिच्याजवळ. सगळ्या मंडळीत सांगतात त्या.” कोळणीने सुरी खाली ठेवली. ती वनिता, हिराबाईची एकुलती एक मुलगी. आईच्याच जागेवर आता बसत होती.

पुढच्या रविवारी ती पत्ता काढून विठ्ठलवाडीला माझ्या दारात. चाळिशीची, आईसारखीच भरलेली, हातात केळीच्या पानात बांधलेली दोन पापलेटं. बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, “सिस्टर, येक इचारू? तिनी माजा नाव घेतला का?”

मग सगळं बाहेर आलं. वनिताने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. चार वर्षं मायलेकी एकाच बाजारात दोन टोकांना बसायच्या, बोलायच्या नाहीत. केंद्रातून फोन लावून द्यायची सोय होती. त्या सकाळी हिराबाईने कुणाला तरी सांगून वनिताला फोन लावला होता. वनिताने नाव बघितलं आणि कट केला. “मना वाटला, संध्याकाली उचलीन,” ती म्हणाली. “जरा तरफडू दे म्हातारीला. आसा वाटला मना, सिस्टर.”

मी काय करायला हवं होतं ते सगळ्यांना दिसतंय. मलाही दिसत होतं. मी म्हटलं, “हो. घेतलं. तुझं नाव घेतलं तिने.”

वनिता माझ्या उंबऱ्यात खाली बसली आणि मोठ्यांदा रडली. शेजारी दारं उघडून बघायला लागले. रडून झाल्यावर उठली, डोळे पुसले, आणि तिची पाठ सरळ झाली होती, खरंच झाली होती. त्या दिवसापासून दर महिन्याला तिची मासळी यायची. कधी कोलंबी, कधी मांदेली, पावसात सुके जवळे. आमचे हे मिटक्या मारून खायचे. मी कालवण करायचे आणि वरणभात खायचे. “तुला मासे आवडेनासे कधीपासून झाले?” यांनी विचारलं. मी म्हटलं, “पित्त होतं.”

असं वर्षभर चाललं. मग भाद्रपदात वनिताचा फोन आला. पितृपक्षात आईची तिथी होती, आणि माहेरच्या घरी पान वाढायचं होतं. भावकी येणार होती, जी भावकी तिला लग्नापासून दारात उभी करत नव्हती. “मी सगल्यांना सांगितलाय, आईसनी जाताना माजा नाव घेतला. तू ये सिस्टर. आन तिला म्हटलेला ता गाना म्हन सगल्यांसमोर.”

मी पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. भला माणूस. म्हणाले, “देव क्षमा करतो, सिस्टर. पण त्या मुलीचं काय करायचं? तुमच्या खोट्यावर ती उभी आहे. काढून घ्याल तर पडेल.” मग म्हणाले, “मी प्रार्थना करतो.” पाळक लोकांना उत्तर सुचलं नाही की ते प्रार्थना करतात. ते चुकीचं आहे असंही नाही.

मी त्या रात्री नाही, पण सकाळी भांडी घासता घासता ठरवलं. इतकी वर्षं मी पेशंटच्या नातेवाइकांना खरं सांगत आले होते. आकडे चांगले नाहीत, घरच्यांना बोलावून घ्या, असं तोंडावर सांगायचे. खोटी आशा देणाऱ्या पोरींना झापायचे. आणि ही एक मुलगी, जिला मी वर्षभर खोट्या औषधावर ठेवली होती, कारण तिच्या डोळ्यांत मी चांगली दिसत होते. नेमकं हेच कारण होतं. तिला बरं वाटावं हे कारण त्याच्या मागे लपायला होतं.

तिथीला गेले. खाडीकाठचं जुनं घर, अंगणात जाळी वाळत टाकलेली, ओटीवर पंधरा-वीस माणसं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. वनिता वडे तळत होती. इतर बायकांना म्हटलं, जरा बाहेर जा. गेल्या.

“वनिता, मी तुझ्या आईजवळ नव्हते.”

तिने झारा तेलातून वर काढला. “म्हंजे?”

मी सगळं सांगितलं. पायरी, चहा, बिस्किटं, किटांचं खोकं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. मला वाटतं, आयुष्यात दिलेली ती माझी पहिली धड साक्ष असेल. कढईतला वडा काळा पडत होता. वनिताने गॅस बंद केला.

“मंग माजा नाव?”

“मला माहीत नाही गं. घेतलं असेल. नसेलही. मी ऐकायला नव्हते.”

“तुला बस बोल्ली ती?”

“हो.”

“मंग तू काय बोल्लीस?”

“आलेच हं, म्हटलं.”

वनिता माझ्याकडे बघत राहिली. मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, “मंग ती वाट बगत रायली आसंल. तुजी पन, माजी पन.”

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. माफी मागितली असेल, शब्द आठवत नाहीत. ती समजूत घालायला आली नाही. तिने काळा वडा काढून टाकला, पिठाचा हात धुतला, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “वनिता, पान वाढा, कावले आले.”

“उठ,” ती म्हणाली. “बाहेर मानसा बसलीत. गाना म्हन.”

“आता कसं म्हणू? ते खोटं होतं.”

“तवा नाय म्हटलास ना? मंग आज म्हन. आज ती घरान आलीय, जेवाला.” आणि मग मागे न वळता, “माजा मी बगीन. भावकीला काय सांगाचा ता मी सांगीन.”

मी ओटीवर गेले. हिराबाईच्या फोटोपुढे केळीच्या पानावर भात, वरण, वडे, खीर वाढलेली. साठ वर्षं पलीकडच्या घराबद्दल गाणाऱ्या मला, तिथे कोणी आहे यावर वनिताइतका सरळ विश्वास त्या दिवसापर्यंत कधी ठेवता आला नव्हता. मी फोटोकडे तोंड करून आधी सांगितलं, “हिराबाई, मी बदकासारखी चालणारी सिस्टर. तुमच्यासाठी एक गीत म्हणते हं.” लोकांना ते विचित्र वाटलं असेल. मग म्हटलं. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, तसंच रेटलं. वनिता आतून बाहेर आली नाही.

निघताना मात्र ती अंगणाच्या टोकापर्यंत आली. चेहरा घट्ट. “पुढल्या साली येशील?”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. पर्समधून छोटी डायरी काढली, तिथी तिला पुन्हा विचारली, कितव्या दिवशी येते ते विचारलं, किती वाजता पान वाढतात ते विचारलं. सगळं लिहून घेतलं. तिने एकेक सांगितलं. मग मी हो म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी मंडळीत न बोलावता उभी राहिले आणि सगळं सांगितलं. यावेळी कुणी आमेन म्हटलं नाही. ती विधवा बाई आपल्या मुलांना घेऊन उठून गेली. तिचं मी सगळ्यात जास्त नुकसान केलं, आणि तिच्या दारात जायचं धैर्य मला अजून झालेलं नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मला टाळता येणार नाही. परतताना हे रिक्षात माझा हात धरून बसले. वनिताची मासळी बंद झाली. फोनही नाही.

पुढच्या भाद्रपदात त्या तिथीला मी सकाळी साडेनऊलाच खाडीकाठी पोचले. वनिता अंगण झाडत होती. तिने मला बघितलं, मग घड्याळात बघितलं. केरसुणी कोपऱ्यात ठेवली, आत गेली आणि नारळ नि खोवणी आणून माझ्यापुढे ठेवली. मी पदर खोचून खाली बसले आणि नारळ खवायला लागले.